थांबत थांबत धावणारा न्हावी

धाकट्या भावाच्या मागे गाडी हाकताना ताईंचा जीव मेटाकुटीला आला होता. पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली बाई. शिट्टी वाजली की चारशे पोरं जागच्या जागी थिजत. आणि हा त्यांचा सख्खा भाऊ, पेशानं न्हावी, तीन दिवसांत एकशेवीस किलोमीटर धावायला निघाला होता नि दर कोपऱ्यावर थांबत होता.

सगळा दोष त्या शर्टाचा. पाठीवर त्यानं ठळक छापून घेतलं होतं, 'आमचं बाळ पोटातच गेलं. तुमचंही गेलं असेल, तर बोला.' आणि लोक खरंच बोलायला लागले. पंक्चरवाला बोलला, शाळेपुढची भाजीवाली बोलली, एका बसचालकानं तर भरली बस कडेला घेतली. ताई कडाडल्या की हा शांतपणे म्हणे, अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवता येत नाही, ताई.

त्याचं दुःख ताईंना ठाऊक नव्हतं, असं नाही. सहा वर्षांपूर्वी बाळ गेलं, तेव्हा त्याच्या बायकोला ठेवलं ते इतरांच्या तान्ह्या बाळांच्या खोलीत. चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि पाठीमागे सगळे पाळणे रडत होते. अशा आयांना इस्पितळात वेगळी खोली मिळावी, एवढंच त्याचं मागणं, आणि त्याचाच अर्ज घेऊन तो त्या इस्पितळाकडे धावत निघाला होता. तिथले मोठे डॉक्टर अर्ज घ्यायला तयार झाले होते, पण आज पाचपर्यंतच. उद्यापासून ते निवृत्त. मग नव्या साहेबांपुढे सगळा खेळ पुन्हा पहिल्या अंकापासून.

सव्वाचार वाजले होते, पाच किलोमीटर उरले होते, आणि हा पठ्ठ्या पुन्हा थांबला. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर काठी टेकून बसलेल्या एका म्हातारीपुढे चक्क उकिडवा बसला.

ताई गाडीतून उतरल्या त्या दार आपटूनच. दोन शब्दांत आजींची माफी मागायची आणि याला दंडाला धरून उठवायचं, असं ठरवून त्या जवळ गेल्या.

"मुलगी होती म्हणे," म्हातारी सांगत होती. "मला दाखवलीसुद्धा नाही. साठ वर्षं झाली. कुणाला विचारायचं?"

ताईंचा हात भावाच्या दंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मग त्या पायरीवर बसल्या.

"तू पळ," त्या म्हणाल्या.

"अगं, पण आजींचं अजून..."

"मला काय कान नाहीत? अर्ज घे आणि पळ. वाटेत कुणी हात केला, तर माझा नंबर दे."

तो पळाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच पळाल्यासारखा पळाला.

पाच वाजायला चार मिनिटं असताना फोन वाजला. साहेबांनी अर्ज घेतला होता, वर स्वतःच्या हातानं दोन ओळींचा शेरा लिहून सही केली होती. तू किती वेळात पोहोचतेस, त्यानं धापा टाकत विचारलं.

"थांब की जरा," ताई खेकसल्या. "आजींचं कुठं झालंय अजून?"