ताईच्या दुर्बिणीतलं पाणी

वीस बाय पन्नासची दुर्बीण मी स्वतःच्या अकलेने घेतली. दुकानदाराने गळ्यात मारली नव्हती. एवढी मोठी पेणमध्ये दुसऱ्या कुणाकडे नसेल, एवढाच विचार मी केला होता.

त्या खरेदीला बरीच वर्षं झाली. महिन्यापूर्वी रोह्याहून भावोजींचा फोन आला. "कुंदा गेली रे. झोपेतच." खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी भीती वाटली.

कुंदाताई माझी चुलत बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने पक्ष्यांचा नाद धरला आणि मलाही ओढलं. माझी दुर्बीण तिने डोळ्याला लावली आणि लगेच परत दिली. "शरद, पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो. पण हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी. मोठं भिंग उजेड जास्त घेतं, नि मानही मोडतं. माझी आठ बाय बेचाळीस बघ. पक्षी लहान दिसतो, पण आजूबाजूचं समदं दिसतं."

"आजूबाजूचं काय करायचंय? मला पक्षी हवाय."

"व्हय, बघ मग पक्षी!"

दुर्बीण घेतली त्याच हिवाळ्यात आम्ही धरमतरच्या खाडीवर गेलो. खाडीचं पाणी अडवणारा खारबांध एका जागी फुटून खांड पडली होती. ओहोटी होती, म्हणून ती खांड आम्ही चिखल तुडवत ओलांडली आणि पलीकडे बसलो. माझ्या भिंगात एक तुतवार पक्षी नाचत होता. खरं तर मीच थरथरत होतो, तो बिचारा स्वस्थ उभा होता. त्याला स्थिर करण्याच्या नादात मी श्वास रोखून बसलो... आणि ताईने माझी कॉलर धरली. "ऊठ! मागं पाणी आलंय!"

वळून पाहिलं तर खांड भरली होती. भरती समोरून येण्याआधी मागच्या नाळीतून, त्या अरुंद ओहोळातून आत शिरते, हे पेणला जन्म काढूनही माझ्या ध्यानात नव्हतं. कमरेएवढं पाणी, खाली पाय गिळणारा चिखल, गळ्यात धोंड्यासारखी दुर्बीण. मी मध्येच थिजलो. पाऊल उचलेना. "ताई, मला नाय जमत," म्हणून चक्क रडलो.  ती माझ्या कमरेचा पट्टा मुठीत धरून बांधावर पोचेपर्यंत ओढत राहिली. 

परवा एकटाच त्या बांधावर गेलो. पुरती ओहोटी होती. तरी दुर्बीण डोळ्याला लावली की मागे पाणी वाजल्यासारखं व्हायचं. वळून बघायचो, नुसता चिखल. पुन्हा लावायचो, पुन्हा वळायचो. एकही पक्षी न बघता परतलो आणि तसाच रोह्याला गेलो. ताईची दुर्बीण खिडकीत होती, पट्टा मानेजवळ घामाने काळा पडलेला. भावोजींना सगळं सांगितलं. म्हटलं, इतकी वर्षं ताईला एवढे पक्षी दिसायचे तरी कसे?

भावोजी म्हणाले, "तिला कुठले दिसायला? तुझ्याबरोबर गेली की घरी येऊन म्हणायची, आज काय नाय बघितलं, दिवसभर शऱ्यालाच राखत बसले."