साठ म्हणजे साठ

अंधेरीच्या एका कॉलेजात मी गेली सव्वीस वर्षं प्रवेशाच्या खिडकीत बसते. "जागा भरल्या" हे दोन शब्द मी इतक्या वेळा उच्चारले आहेत की घरी नवऱ्याने आणखी एक पोळी मागितली तरी तेच तोंडात येतं. खिडकीपुढे लोक रडतात, भांडतात, कुणाकुणाची पत्रं आणतात. एका गृहस्थाने देवगडहून हापूसची पेटी आणली होती. ती परत पाठवताना माझा जीव तुटला, पण पाठवली. माझं म्हणणं साधं होतं. वर्गात बाकं तीस, एका बाकावर दोघं, म्हणजे साठ. एकसष्टावा बसणार कुठे, माझ्या डोक्यावर?

त्यामुळे टीव्हीवर कुठल्यातरी देशाने निर्वासितांचा आकडा ठरवणारा कायदा आणल्याची बातमी लागली की मी त्या देशाच्या बाजूने असायचे. घ्यायचे किती हे आधीच ठरवलेलं बरं, असं मी जेवताना घरच्यांना ऐकवायचे. आणि हे मी कुठे राहून बोलत होते, तर जोगेश्वरीला, जिथे माझ्या दारासमोरच काबूलहून पळून आलेल्या मायलेकी राहत होत्या.

आई शिवणकाम करायची. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तिच्या हाताखालून गेलेले. मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना आली आणि जिन्यात खेळता खेळता आमच्यासारखं मराठी बोलायला लागली. वडील नव्हते, आणि ते कसे गेले हे आम्ही कधी विचारलं नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. सरकारदरबारी त्या फक्त परदेशी. दर वर्षी राहायची परवानगी वाढवून घ्यायची, कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या वर्षी काय होईल हे कुणाला विचारायचं नाही. म्हणून आईने एका लांबच्या देशाकडे अर्ज केला होता. तिथे निर्वासितांना कायमचं ठेवून घेतात. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

अकरावीला त्या मुलीला मीच आमच्या कॉलेजात आणलं. आधार कार्ड नाही म्हटल्यावर दुसऱ्या कॉलेजांचं पोर्टल तिला दारातच अडवत होतं. मी प्रिन्सिपल बाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि सही घेतल्याशिवाय उठले नाही. मुलीने माझी लाज राखली. बारावीला उत्तम मार्क मिळवले आणि बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या यादीत नाव आणलं. जुनी फाइल आमच्याकडे असल्याने प्रवेश पक्का झाला. पावती दाखवायला ती आमच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा मी अळूवड्या तळत होते. तिने उभ्या उभ्या सहा खाल्ल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या देशाकडून पत्र आलं. अर्ज मंजूर, वैद्यकीय तपासणी झालेली, जुलैच्या शेवटी विमान. आईने मला मिठी मारून हिंदीतच सांगितलं, "दीदी, हो गया." मी खरंच रडले.

आणि मग मी ते केलं.

माझ्या खिडकीबाहेर चार दिवस एक माणूस येऊन बसत होता. त्याची मुलगी वेटिंग लिस्टवर पहिली. तो नुसता पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसायचा. संध्याकाळी मी समोरच्या घरी गेले आणि मुलीला म्हटलं, "अगं, तू तर चाललीस. जागा कशाला अडवून ठेवतेस? उद्या येऊन कॅन्सलचा फॉर्म भर."

ती जरा घुटमळली. "काकू, विमानात बसेपर्यंत राहू दे ना. काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हटलं. "बाहेर एक बाप बसलाय. नियम म्हणजे नियम."

तिची आई मशीनवरून मान वर करून म्हणाली की दीदी सांगते ते ऐक. दुसऱ्या दिवशी मुलीने फॉर्म भरला. मी तिच्यासमोर शिक्का मारला. त्या माणसाला आत बोलावलं तेव्हा तो इतका गांगरला की आभार मानायचंही विसरला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी जाताना मी चालत गेले.

जुलैभर त्यांचं घर रिकामं होत होतं. फ्रिज दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना, गाद्या वॉचमनला, पंखा तळमजल्यावर. शिलाई मशीन माझ्या गळ्यात पडलं. बॅगा रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून पाहिल्या, एकीतून चार किलो काढावे लागले. बायकांनी मिळून मुलीच्या आईला पैठणीच्या काठाची साडी घेतली, आणि ती तिथे जाऊन कधी नेसणार यावरून दोन दिवस हसलो.

विमानाला आठ दिवस होते तेव्हा ईमेल आला. मुलगी दारात उभी राहून मला मराठीत सांगत गेली. तिथल्या संसदेने कायदा केला आहे. वर्षाला किती निर्वासित घ्यायचे तो आकडा आता कायद्यातच लिहिला आहे, आणि तो आधीपेक्षा पुष्कळ कमी आहे. यंदाचा आकडा भरला. ज्यांची तिकिटं निघाली आहेत त्यांचीही रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल. गैरसोयीबद्दल खेद वाटतो.

"काकू, वाट लागली ना आमची," ती म्हणाली आणि मोबाइल पालथा धरला.

मला संताप आला तो आधी त्या पत्राच्या भाषेचा, कारण ती माझीच भाषा होती. आमच्या नोटीस बोर्डावर मी हेच लिहिते, खेदासकट. पण एक गोष्ट मी कधी केली नव्हती. पावती दिल्यावर ती परत घेतली नव्हती. आकडा ठरवा, हवा तेवढा लहान ठरवा, पण या म्हटल्यावर, माणसाने घर मोडल्यावर, दार कसं लावता? दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे तावातावाने सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहा ढवळत म्हणाला, "त्यांचं पण बरोबर आहे ना. किती जणांना घेणार? तूच तर म्हणतेस." मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. तो माझंच वाक्य बोलला होता, म्हणून तर जास्त चीड आली.

बिल्डिंगने मात्र कमाल केली. कुणी काही मागितलं नव्हतं, तरी वहिनींनी दोन माणसं लावून फ्रिज खाली आणला. आतली भाजीही तशीच ठेवली होती. गाद्या आल्या, पंखा आला. मशीन तर मी त्याच संध्याकाळी ढकलत समोर नेलं. घरमालकानेही नवा भाडेकरू बघणं थांबवलं. आठ दिवसांत घर पुन्हा पहिल्यासारखं दिसायला लागलं.

राहिली फक्त कॉलेजातली जागा, आणि ती मी काढून घेतली होती.

प्रिन्सिपल बाई वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केले. "तुम्हीच सांगा, साठ म्हणजे साठ. एकसष्टावं नाव पोर्टल घेतं का?" घेत नाही, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. मी विद्यापीठाच्या कार्यालयात दोन चकरा मारल्या. तिथल्या खिडकीतल्या बाईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मॅडम, जागा भरल्या." माझ्याच वयाची होती. मी काचेपलीकडे उभी राहून तिच्याशी भांडले. बाकांचं विचारलं, एक खुर्ची घरून आणून देते म्हटलं. मागच्या रांगेतले लोक वैतागले. ती पुढच्या माणसाचे कागद घेऊ लागली. मी दुसऱ्या चार कॉलेजांतही मुलीला घेऊन गेले. कुठे आधार, कुठे आणखी काही. ऑगस्ट संपला आणि नावं नोंदवायची मुदतही संपली.

मुलगी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "एक वर्षच ना," म्हणाली आणि आईच्या शेजारी बसून हुक लावायला लागली. दुपारी पार्लेच्या एका दुकानात साड्यांना फॉल लावायचं काम मिळालं. मी समोर राहते, त्यामुळे मला सगळं दिसायचं.

सप्टेंबरच्या मध्यावर हजेरीचे कागद माझ्याकडे आले. बी.एस्सी. आयटीच्या यादीत शेवटच्या नावापुढे सलग गैरहजेरी होती. मी चौकशी केली. खिडकीबाहेर बसणाऱ्या त्या माणसाच्या मुलीला फार्मसीच्या उशिराच्या फेरीत प्रवेश मिळाला होता. ती पंधरवड्यापूर्वीच निघून गेली होती. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं, तिच्या बापाचंही नाही. मी कागद घेऊन धावत प्रिन्सिपल बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मुदत संपली होती. आता ही जागा वर्षभर रिकामीच राहणार. मी मुद्दाम त्या वर्गात जाऊन आले. मागून दुसऱ्या बाकावर एकच मुलगी बसली होती, आणि शेजारच्या जागेवर तिने दप्तर ठेवलं होतं.

त्या दिवशी घरी आले तर ती जिन्यातच भेटली. हातात साड्यांचं गाठोडं. मी तिची वाट सोडून कडेला झाले. ती दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली.

"काकू, एक विचारू? माझ्या जागेवर जी आली, ती रोज येते ना कॉलेजला?"

"येते गं," मी म्हटलं. "पहिल्या बाकावर बसते."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेऊन वर गेली.