सोडलं म्हणून उठणारा पत्थरमामा

कळमनुरीच्या बाजारात माझ्या मामाला सगळे 'पत्थर' म्हणायचे. तो शेळ्या-मेंढ्यांचा दलाल. आम्हा भाचरांसाठी तो पत्थरमामा झाला, आणि त्यालाही ते नाव मानवायचं. त्याचा चेहरा कशानेही हलत नसे. आजोबांना खांदा देताना हलला नाही, आणि मावशीच्या लग्नात वऱ्हाड हसून लोळत होतं तेव्हाही नाही. "तोंडावर आलं की भाव गेला," असं म्हणायचा. आम्हाला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटे.

आमच्याकडे जनावरांचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात; शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. सौदा अडला की मामा हात काढून घ्यायचा, "सोडलं" म्हणायचा आणि पायजमा झटकून चालू लागायचा. नजर मात्र तिरकी, समोरच्याच्या तोंडावर. त्याचा जीव सुटला की अडकला, हे मामाला तेवढ्यात कळे. मग मागून हाक यायची, "ओ पत्थर, या की परत!" जो हाक मारेल त्यानं भाव थोडा वाढवून द्यायचा, हा बाजाराचा रिवाज. हातावर हात मारेपर्यंत 'सोडलं' कुणी खरं धरतच नाही.

घरातही हेच चाले. मामी साखऱ्याची, मेंढपाळाघरची, म्हणजे तीही याच शाळेतली. भांडण झालं की एकानं "सोडलं" म्हणून उठायचं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन थांबायचं. दुसऱ्यानं हाक मारायची. मामा रुसून लिंबाखाली उभा आहे आणि मामी मुद्दाम सगळ्या भाकरी थापून झाल्यावर हाक मारतेय, हे मी कितीदा तरी पाहिलंय. हाक मारताना ती म्हणे, "चला, आज ठेचा जास्तीचा देते."

पुढे मोबाईल आला आणि मामाला पोकर सापडला. तीन पत्ती तो खेळायचाच, हे त्याला तिचंच शिकलेलं भावंड वाटलं. पण कुरकुर करायचा, "इथं तोंडच दिसून न्हाई राहिलं भाच्या. समोरासमोर बसलो ना, एकालाबी सोडणार न्हाई." गोव्याच्या कॅसिनोत मोठी स्पर्धा आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं. प्रवेशाची रक्कम ऐकून माझे डोळे पांढरे झाले. मामानं मामीच्या शेळ्या विकल्या. माहेराहून आणलेल्या एका शेळीपासून तिनं तो कळप वाढवला होता.

मामी रडली नाही. म्हणाली, "माझ्या शेळ्या दावणीला परत दिसल्या पायजेत. न्हाईतर मी या घरात न्हाई."

"दुपटीनं आणतो," मामा म्हणाला, त्याच चेहऱ्यानं.

इंग्रजीसाठी त्यानं मला सोबत नेलं. मी नियम वाचून दाखवले. टेबलावर तोंडानं बोललेलं पक्कं धरतात, असं सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "मंग बराबर हाय. आपल्या बाजारात बी शब्द म्हंजे शब्द."

आणि खरंच, मामा खेळला! गॉगल घातलेली, कानात गाणी लावलेली पोरं एकेक करून उठत गेली आणि आमचा पत्थर धुवट सदऱ्यात ढिम्म बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो बक्षिसांच्या अगदी तोंडाशी आला. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून बघताना मला दावणीला शेळ्या दिसायला लागल्या होत्या.

तेवढ्यात समोरच्या एका पोरानं पैशांऐवजी मिळालेल्या आपल्या सगळ्या चकत्या डावावर लावल्या. मामाच्या हातात दोन राजे होते आणि टेबलावर तिसरा. पण मामाला त्या पोराचं तोंड वाचायचं होतं. जन्मभराची सवय. खुर्ची मागं सारून तो अर्धवट उठला आणि म्हणाला, "छोड दिया साहेब."

पत्ते वाटणाऱ्या मुलीनं त्याचे पत्ते ओढून घेतले.

"अरे, अभी सौदा चालू है ना!" मामा म्हणाला. पंच आला, त्यानं शांतपणे नियम सांगितला: तोंडानं सोडलं म्हटलं की डाव सुटला. पोरानं हसत आपले पत्ते उलटे केले. त्याच्याकडे साधी जोडी होती. त्यानंतर मामाचा हात बसला नाही, आणि तासाभरात तो रिकामा उठला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

मामाचं घर वारंगा फाट्यावर, रस्त्यालगतच. मामानं दारातच खरं ते सांगून टाकलं. मामीनं रिकाम्या दावणीकडे पाहिलं, पिशवी भरली, "सोडलं" म्हणाली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. हिंगोलीची एक गाडी आली, तिनं जाऊ दिली. वळून पाहिलं.

"मामा, हाक मारा ना," मी म्हणालो.

"हाक मारली की भाव वाढवून द्यावा लागतो भाच्या. माझ्यापाशी काय हाय आता द्यायला?"

दुसरी गाडी आली. मामी चढली. गाडी निघाली आणि मामाची हनुवटी थरथरायला लागली. दाराची चौकट धरून तो लहान लेकरासारखा रडला. त्याचा चेहरा हललेला मी त्या एकदाच पाहिला.

मामा अजून बाजारात बसतो, पण सौदा अडला तरी जागचा उठत नाही. मामी साखऱ्यात भावाच्या शेळ्या राखते. परवा मी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिनं विचारलं, "मी गेले तवा कसं होतं रं त्यांचं तोंड?"

मी सांगितलं.

हातातला पाला तिनं शेळीपुढे टाकला. मग म्हणाली, "मंग मला काहून न्हाई दाखवलं? तेवढ्यावर आले असते की मी."