बाजारात उभे राहून पाठिंबा काढणारे बापू

डफड्याचा तो आवाज अजून कानात आहे. कामरगावच्या शाळेत मी नवा मास्तर. मुले चालीवर कविता म्हणत होती, आणि बाहेरच्या डफड्याने आपणहून ताल धरला. दवंडी होती, "मेंबर यशवंतबापू बाजारात बोलणार हो!" बापूंची माझी पहिली ओळख ही अशी, कानांनी झालेली.

ते इंग्रजी अमदानीचे दिवस. बापू प्रांताच्या कौन्सिलात अपक्ष म्हणून निवडून गेले होते. तिथले मंत्रिमंडळ तीन गटांचे, त्याला बापूंसारख्या चार-दोन अपक्षांचा टेकू. सरकार असे उसन्या हातांवर उभे राहते तरी कसे, याचे मला भारी कुतूहल. आणि बापूंची रीत तर त्याहून नवलाची! पाठिंबा द्यायचा असो की काढायचा, आधी आठवडी बाजारात, मते मागितली त्याच ओट्यावरून सांगायचे.

मुलांना सुट्टी देऊन मीही गेलो. बापू म्हणाले, "सरकारातला एक गट खेड्यातल्या शाळा बंद कराले निंगाला. मंत्र्याईले त्याले नाही म्हणता येऊन नाही राह्यलं. मी पाठिंबा काढतो. पण त्याईनं आपल्याले कबूल केलेला दवाखानाही जाईन. बोला!"

पार्बताबाई सुईण पुढे आल्या. "मले मताचा हक्क नाही बापू, पण तोंड हाये. अडलेली बाई काय तुमच्या कौन्सिलात नेऊ?"

बाजार हसला. बापू हसले नाहीत. "तुह्यं खरं हाये बाई. पण दवाखाना आपल्या एका गावचा, शाळा साऱ्या वऱ्हाडाच्या. शिव्या द्याच्या तं मले दे."

"दिल्या समजा!"

मंत्रिमंडळ पडले. शाळा राहिल्या, दवाखाना गेला. गाव बरेच दिवस बापूंशी तुटक वागले. बापूंनी मात्र आपली दमणी बैलांसकट पार्बताबाईंच्या दाराशी नेऊन उभी केली, अडलेल्या बायकांना कारंज्याच्या दवाखान्यात पोचवायला. शेतावर ते पायी जाऊ लागले.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बापूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि आवाज असेच खणखणीत राहोत.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ तेवढी सांगून थांबतो. आम्ही बापूंच्या ओसरीवर चहा घेत होतो. दाराशी मोटार थांबली आणि बापूंनी ज्यांचे सरकार पाडले, ते मंत्रीच आत आले. आम्ही गडबडून उठलो.

"बसा, बसा," ते म्हणाले. "बापूसाहेब, मंत्री होतो तेव्हा दवाखाना देता आला नाही. आता विरोधी बाकावर आहे. तिथून नव्या सरकारला रोज विचारीन. चला, दवाखान्याची जागा दाखवा."