पडद्यामागचं ताट

"हा पट्टा काढा आधी. वास मारतोय."

संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी मला हे म्हणाली तेव्हा माझी गिटार तिच्या गळ्यात होती. पट्टाही माझाच. आबांच्या ढोलाचा जुना कातडी पट्टा, वीस-बावीस लग्नसरायांचा घाम मुरलेला. वास येत असणार. मी पुढं झाले, तिच्या मानेवरून पट्टा काढला आणि साऊंडवाल्याचा नवा नायलॉनचा पट्टा माझ्या हातानं लावून दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच लावला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माणूस स्वतःला जरा शूर करून सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. सांगलीत एका शिक्षणसंस्थेचा वर्धापनदिन होता आणि आमच्या रॉक बँडला बोलावणं होतं.

मी बास वाजवते. चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. आम्ही मातंग, कुंडलच्या अलीकडच्या एका गावातले. आबा लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. मी कराडला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा कॉलेजातल्या पोरांना बास वाजवायला कुणी मिळेना, कारण बासवाल्याकडं कुणी बघत नाही. आबांचा ठोका माझ्या हातात होताच. तो तारांवर आला एवढंच. बारा वर्षं झाली त्याला. सातारा, वाई, सांगली, पार पुण्यापर्यंत वाजवलं. मी सुरुवात केली तेव्हा आमच्या भागात बास वाजवणारी दुसरी बाई नव्हती.

बँडमध्ये मात्र आबांचं काम मी कधी सांगितलं नाही. आमचा गायक निखिल, त्याला वाटायचं माझे वडील शेती करतात. मी तसं वाटू दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पोस्टरवर लिहिलं होतं, 'आपल्या भागातली पहिली महिला बास गिटारिस्ट'. नाव नव्हतं. गिटार धरलेल्या मुलीची नुसती काळी आकृती. सकाळी आम्ही साऊंड तपासत होतो तेव्हा संस्थेचे अध्यक्ष स्टेजपाशी आले आणि माझ्याकडं बघत राहिले.

"तू सदा ढोलवाल्याची पोरगी न्हवं? आमच्या थोरल्याच्या लग्नाला तुझा बा हुता वाजवायला."

"हो," मी म्हणाले.

"लय चांगला वाजवतो," ते म्हणाले. खरंच कौतुकानं म्हणाले. मग चार पावलं बाजूला जाऊन कार्यक्रमाच्या मॅनेजरशी बोलले. आवाज खाली घ्यायची त्यांना आयुष्यात कधी गरज पडली नसावी. मला सगळं ऐकू आलं.

"वाजंत्री वर आन् पाव्हणं खाली, आसं कसं चालंल?"

अर्ध्या तासानं निखिल माझ्याकडं आला. माझ्या डोळ्यांकडं न बघता म्हणाला, "फक्त आजचा दिवस. तू पडद्यामागं बसून वाजव. पुढं त्यांची पुतणी नुसती गिटार घेऊन उभी राहील. तुझीच दे तिला, फोटोत चांगली दिसते. तू साऊंडवाल्याची घे. आवाज तर तुझाच जाणार ना?"

मी म्हणाले, "बरं."

आमच्याकडं लग्नात वाजंत्री मांडवात येत नाहीत. नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेऊन आणतात, अक्षता पडल्या की वाजवतात, आणि पंगती उठल्यावर मांडवामागं, भांडी घासतात तिथं, बसून जेवतात. कुणी 'तिकडं जा' म्हणत नाही. जागा ठरलेली असते, माणसं आपोआप जातात. जेवल्यावर आपलं ताट आपणच उचलायचं. वाजंत्र्याचं ताट दुसरं कुणी उचलत नाही. आबांना मी कायम असंच बघितलंय.

दुपारी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमचं ताट मागं लावलंय." मॅडम म्हणाला. बँडमधली बाकीची चौघं हॉलमध्ये पाहुण्यांच्या पंगतीत बसली. पडद्यामागं मला वाजवायला एक खुर्ची ठेवली होती, त्या खुर्चीवर ताट होतं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. मी आपोआप तिकडं गेले. ताट मांडीवर घेऊन जेवले. वाढप्याकडून श्रीखंड परत मागून घेतलं. काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. रिकामं ताट खुर्चीखाली ठेवलं.

तीन वाजता कार्यक्रम सुरू झाला. मी मागं वाजवत होते, पुढं ती बोटं हलवत होती. समोर मरून रंगाचं कापड, खालच्या कडेला उसवलेलं. मी त्या उसवणीकडं बघत तीन गाणी वाजवली. एक सूर चुकला नाही. मग सत्कार. शाल, श्रीफळ. निवेदिकेनं माझीच माहिती वाचली, कराडपासून पुण्यापर्यंत सगळी, नाव तेवढं पुतणीचं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

प्रमुख पाहुणे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "बेटा, आता एकटीनं थोडं वाजवून दाखव."

मॅनेजर पळत मागं आला. हातानं खूण केली, वाजव.

माझी बोटं तारांवर होती. मी खाली बघितलं. खरकटं ताट खुर्चीखाली तसंच होतं. दोन तास झाले होते. कुणी उचललं नव्हतं आणि कुणी उचलणारही नव्हतं. ते माझी वाट बघत होतं.

मी साऊंडवाल्याची गिटार खुर्चीवर ठेवली. ताट उचललं. पडदा बाजूला करून स्टेजवर गेले आणि ते ताट सत्काराच्या टेबलावर, श्रीफळाशेजारी, ठेवलं.

"ह्ये तुमचं ताट," मी अध्यक्षांना म्हणाले. "गिटार माझी हाय."

माइक शेजारी उभ्या पाहुण्यांच्या हातात चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. पुतणीनं मान वाकवली आणि गिटार काढून दिली. नायलॉनचा पट्टा मी सोडून तिथंच टाकला आणि खांद्यावरचा माझा लावला. अध्यक्ष म्हणाले, "हिला घिऊन जावा." घेऊन जायला कुणी आलं नाही. मी माझी गेले.

निखिलचा मेसेज आला, 'आमचा तरी विचार करायचास.' महिन्याभरात त्यांना दुसरा बासवाला मिळाला.

घरी आबा शेंगा फोडत बसले होते. "जेवलीस का?"

"व्हय."

"कुठं?"

"मागं."

ते शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "आमी तर कवा पुढं जेवलू गं? जेवान चांगलं हुतं न्हवं?"

त्या वाक्यावर मी रडले. दिवसभरात पहिल्यांदा. श्रीखंड परत मागून घेतलं होतं ते आठवून रडले.

आता कार्यक्रमाचा फोन आला की मी आधी आबांचं काम सांगते, मग माझं. मग विचारते, मी कुठं उभी राहणार आणि कुठं जेवणार. बरेच जण 'कळवतो' म्हणून फोन ठेवतात. ठेवू देत. महिने महिने गिटार पिशवीत राहते. राहू दे. पण माझं ताट परत कुणी मागं लावलं, तर मी ते रिकामं होईपर्यंत थांबणार नाही. भरलेलंच उचलून पुढं आणीन.