तापवाल्या बाईंचा हात

बँकेच्या शाखेत पाऊल टाकल्यावर कोणी साहेब मॅनेजरच्या केबिनकडे वळतो, कोणी आधी पाणी मागतो. आमच्या बाई सरळ मागच्या पडवीत जायच्या आणि जनरेटरच्या अंगावर तळवा ठेवायच्या, अगदी तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. मग हात पुसत बाहेर येऊन मला विचारायच्या, "काका, सकाळपासून चालूच आहे ना हा?" खोटं बोलायची सोयच नव्हती. बँकेतल्या टवाळांनी त्यांचं नाव पाडलं, तापवाल्या बाई. बाईंना ते ठाऊक होतं. "पाडू देत," म्हणायच्या, "निदान कोणीतरी ताप बघतंय एवढं तरी कळलं त्यांना."

मी तेव्हा पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावातल्या शाखेत कॅशियर होतो आणि रोज रत्नागिरीहून एसटीने ये-जा करायचो. बाई रत्नागिरीच्या विभागीय कार्यालयात अधिकारी. मुंबईच्या मुख्य कार्यालयाने एके दिवशी जाहीर केलं की पर्यावरणासाठी बँक आपला धूर, म्हणजे कार्बनचं उत्सर्जन, निम्म्यावर आणणार. झालं! भिंतीवर हिरव्या पानांची पोस्टरं लागली आणि विभागाविभागाला टार्गेट आलं. ठेवींचं असतं, विम्याचं असतं, तसंच आता धुराचं. कोणत्या शाखेत वीज किती, कागद किती, डिझेल किती, सगळं मोजून वर कळवायचं. असलं बिनकौतुकाचं काम नेहमी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच गळ्यात पडतं. बाईंच्या पडलं.

पण बाईंनी ते गळ्यातलं लोढणं मानलं नाही. भर पावसात रेनकोट घालून त्या एसटीने शाखा फिरायच्या. मी म्हटलं, "अहो, बँकेची गाडी आहे की!" तर म्हणाल्या, "तिचं डिझेल मग मलाच लिहावं लागेल, काका." मी तसा तिरसट माणूस. एकदा मुद्दाम खोचकपणे विचारलं, "आपण कोळशावाल्यांना, सिमेंटवाल्यांना कोटींनी कर्ज देतो, त्यांचा धूर कोणाच्या नावावर?" बाई म्हणाल्या, "तो दुसऱ्या टप्प्यात. आधी आपल्या छपराखालचा." "आणि दुसरा टप्पा कधी?" त्यावर त्या डिझेलच्या कॅनमध्ये पट्टी बुडवून बघायला लागल्या.

आमची शाखा त्यांची लाडकी, कारण ते गाव त्यांचं माहेर. आई लहानपणीच गेलेली. शेजारच्या लक्ष्मीकाकीने त्यांच्या वेण्या घातल्या, दोन घास भरवले, शाळेत धाडलं. काकी मासळी विकायची. निराधार पेन्शन आमच्याच शाखेत जमा व्हायची, आणि पैसे काढायचे नसले तरी टोपली रिकामी झाली की काकी आमच्या पायरीवर टेकायची. बाई आल्या की तिथूनच ओरडायची, "मेल्या कॅशियर, माजी बाय भिजून आली, तिला वायच च्या तरी पाज!" विभागाची अधिकारी काकीच्या पुढ्यात परकरी पोर होऊन बसायची. त्या दोघींना बघताना मला फार बरं वाटायचं, हे सांगायला मला लाज नाही.

आता आमच्याकडची वीज कशी, ते काय सांगायचं! जरा वारा सुटला की तारेवर माड आडवा, आणि मग दोन-दोन दिवस जनरेटरची धडधड. त्यामुळे विभागात गिऱ्हाइकामागे सगळ्यात जास्त डिझेल आम्ही जाळायचो. बाईंना त्यावर उपाय सापडला होता, छपरावर सोलर. मुख्य कार्यालय म्हणायचं, भाड्याच्या इमारतीवर खर्च नको. बाई म्हणायच्या, "आकडा बघितला की देतील. ज्याचं जास्त दुखतं त्याच्याकडे आधी बघतात."

दुसऱ्या शाखांचे मॅनेजर हुशार. निम्मं डिझेल ते किरकोळ खर्चात जिरवायचे आणि बाईंसमोर कमी सांगायचे. मीसुद्धा म्हटलं, "बाई, चार कॅन कमी लिहा. कोण येतंय बघायला?" त्या म्हणाल्या, "काका, मोजलं तरच कोणीतरी बघेल. लपवलं तर हे गाव आहे हेसुद्धा मुंबईला कळायचं नाही." आणि त्यांनी आमचा आकडा होता तसा पाठवला, शेवटच्या थेंबापर्यंत.

मुंबईने बघितला. बाई आमच्याच शाखेत बसल्या होत्या तेव्हा फोन आला. तिकडून कोणी तरुण अधिकारी आनंदाने बोलत होता. आवाज माझ्या काउंटरपर्यंत येत होता. "मॅडम, तुमचा डेटा फार उपयोगी पडला! जास्त धुराच्या छोट्या शाखा आपण जवळच्या मोठ्या शाखेत विलीन करतोय. तुमचा विभाग टार्गेटच्या पुढे जाईल." बाई म्हणाल्या, "अहो, मी सोलर मागितलं होतं." तो म्हणाला, "आता गरजच नाही ना, मॅडम." बाईंनी फोन ठेवला. पायरीवरून काकी विचारत होती, "काय गो बाय, काय झाला?"

त्या मग खूप धडपडल्या. अर्ज केले, मुंबईला जाऊन आल्या, स्वतःचा आकडा चुकला असं लिहून द्यायलाही तयार झाल्या. ज्या बाईने एक थेंब लपवला नाही ती खोटं लिहायला निघाली, यावरून काय ते समजा. कोणी ऐकलं नाही. शाखा बंद झाली. जनरेटर रत्नागिरीच्या एका मंगल कार्यालयाने नेला. तिथे तो लग्नसराईभर धडधडतो, पण तो धूर आता बँकेचा नाही. ज्यांनी डिझेल लपवलं त्यांच्या शाखा आजही चालू आहेत.

गावात एकच बोलणं झालं, आपल्याच पोरीने आपल्या पोटावर पाय दिला. शाखेऐवजी एक बँकमित्र, म्हणजे बँकेचा एजंट, अंगठ्यावर पैसे देणारं मशीन घेऊन यायचा. त्याला रेंज मिळायची नाही, आणि मिळाली तरी काकीचा अंगठा मशीनला पटायचा नाही. जन्मभर मासळी साफ करून बोटांवरच्या रेषाच पुसलेल्या. मग पेन्शनीच्या दिवशी सगळी म्हातारी माणसं वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या सहाआसनी रिक्षात कोंबून घाटीपलीकडच्या शाखेत जायची. रिक्षात सहाच्या जागी बारा. बाईंनी त्या रिक्षांचंही डिझेल मोजलं. जनरेटरने जाळलं नसेल तेवढं जळत होतं. वर कळवलं, तर उत्तर आलं की गिऱ्हाइकाच्या प्रवासाचा धूर आपल्या हिशोबात धरत नाहीत. माझ्या घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि ढसाढसा रडल्या. मी चहा केला, तो तसाच निवला.

पुढच्या पावसाळ्यात, एका पेन्शनीच्या दिवशी, घाटीतल्या वळणावर रिक्षा हेलकावली. आत दाटी म्हणून काकी बाहेरच्या कडेला बसली होती. ती फेकली गेली, आणि जागच्या जागी संपली.

मी काकीच्या घरी गेलो तेव्हा बाई आधीच आलेल्या होत्या. अंगणात माणसं होती, पण त्यांच्याभोवती कोणी नव्हतं. त्या काकीपाशी बसल्या आणि तिच्या कपाळावर त्यांनी तळवा ठेवला. काढेचनात. काकीचा मुलगा दत्ता, होडीवर खलाशी, समोर उभा होता. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "ताई, तुमी सगळा मोजता. माज्या आयशीला कशात धरलात?"

बाई म्हणाल्या, "कशातच नाही, दत्ता. हिला कुठेच धरलेलं नाही."

त्या वर्षी बँकेने टार्गेट मुदतीआधी गाठलं. रत्नागिरीत सत्कार झाला, प्रत्येक अधिकाऱ्याला तुळशीचं रोप दिलं. बाई गेल्या नाहीत. काही महिन्यांत नोकरी सोडून त्या माहेरच्या बंद घरात राहायला आल्या. तेव्हापासून आमचं बोलणं जवळजवळ तुटलंय. फोन केला तर "बरी आहे, काका," एवढंच म्हणतात. शाखेत मिळालेलं माझं माणूस तुटलं ते तुटलंच.

मीही आता निवृत्त आहे. पेन्शनीच्या दिवशी मी मुद्दाम घाटीपलीकडच्या त्या शाखेपाशी जाऊन थांबतो. गावाकडून रिक्षा येते. आतून एकेक म्हातारं उतरतं, बरोबर आलेल्या बाई प्रत्येकाला हात देतात. हात सगळे धरतात, बोलत कोणी नाही. काम झालं की बाईच सगळ्यांना परत आत चढवतात, दाटीवाटीने का होईना, सगळ्यांना आत. आणि स्वतः बाहेरच्या कडेला बसतात, काकी बसली होती तिथे. परवा गर्दी कमी होती. मी म्हटलं, "बाई, आत या की, रिकामं आहे." त्यांनी मान हलवली. आत जागा असली तरी त्या बाहेरच बसतात.