सीतामाईचा तळहात

आक्का गेली तेव्हा मी बदनापूरला मोसंबीची रोपं घ्यायला गेल्तो. शेजारच्या कमलबाईचा फोन आला, “दादा, जल्दी या, आक्का उठून न्हाई राह्यल्या.” सोमवार होता, तिचा निर्जळी उपवास. दीड महिना झाला. गावात सगळे म्हणतात, साखरेच्या आजारानं गेली. मी मान हलवतो…

आक्का माझी थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली, ती कायमची. गावच्या तळ्याची कथा सांगायचा मान आमच्या घराचा. आईनंतर तो तिच्याकडे आला. दर रामनवमीला उपाशीपोटी पायरीवर बसून ती सांगायची. वनवासात इथं सीतामाईला तहान लागली. लक्ष्मणानं बाण मारून पाणी काढलं, पण वर आलेलं पाणी जमीन लगेच पिऊन टाकायची. मग सीतामाईनं पाण्याखाली तळहात धरला. पाणी ठरलं, आणि तळहात तिथंच राहिला. तळाची काळी चिकण माती म्हणजे तोच. शेवटी आक्का बोट उगारायची, “गाळ न्या, पण माईच्या हाताला नख लावू नका बरं!” पोरं हसायची. तळं मात्र आमच्या आठवणीत कधी आटलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वीच्या रामनवमीला सकाळीच तिला चक्कर आली. मी बिस्कीट चहात बुडवून तिच्या तोंडाशी धरलं. “अरे, कथा सांगायचीय मला.”

“सीतामाई बघायला येऊन राह्यली का? खा.”

तिनं खाल्लं.

त्याच वैशाखात तळ्यातला गाळ काढायचं काम माझ्या देखरेखीखाली होतं. वरचा गाळ संपला तसं मशीनवाल्यानं विचारलं, “भाऊ, चिकण लागली. बास ना?” माझ्या मोसंबीच्या बागेला तीच माती हवी होती. “काढ अजून दोन हात.” ट्रॅक्टरवाला पुटपुटला, “माईचा हात हाय म्हणत्यात…”

“मंग बसव तिला तुझ्या ट्रॉलीत,” मी म्हणालो. सगळे हसले. खाली पाणी न धरणारा पिवळा मुरूम लागला तेव्हा मीच काम थांबवलं. काय होऊन बसलं, ते मला तेव्हाच कळलं होतं.

पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं आणि दिवाळीला तळ उघडा पडला. लोक म्हणाले, परतीचा पाऊसच कमी. आक्का माझ्यासमोर येऊन बसली. “बिस्किटानं झालं रे. खाल्ल्या तोंडानं कथा सांगितली, माईनं हात काढून घेतला.” एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

तिनं सोमवार-शनिवार निर्जळी धरले. डॉक्टर ओरडले, “बाई, साखरेच्या पेशंटनं उपाशी राहायचं नसतं!” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्याला इचारा, कशानं तळं गेलं ते.” मी औषधाची चिठ्ठी वाचत राहिलो. रोज सकाळी ती तांब्याभर पाणी तळ्यात ओतून यायची. उपवास सोडायची माझ्याच बागेतल्या मोसंबीच्या दोन फोडींवर. “गोड हाय रे तुझी माती,” म्हणायची.

त्या मातीत आता झाडांची मुळं आहेत. ती परत नेता येणार नाही. हे मी लिहिलेलं छापून आलं की गावाला कळेल, तिला नाही.

काल तिचा तांब्या घेऊन तळ्यात उतरलो. त्या वैशाखात मशीन उभं होतं तिथं पाणी ओतलं. “आक्का, बिस्किटानं न्हाई गं…” एवढंच म्हणून झालं. पुढचं तोंडातून निघायच्या आत मुरूम कोरडा झाला होता.